आधी काय बंद आणि शेवटी काय बंद, हे आत्ताच ठरवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गोवा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पणजी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मये गावात राहतो आणि डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान चालवतो. वडिलांपासूनचं दुकान आहे. विषाणू, लस, चाचण्या यांतलं शास्त्र तुम्हाला सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण कोविडच्या काळात माणसं कशाला राजीखुशीने तयार झाली आणि कुठे त्यांचा धीर सुटला, हे मी काउंटरमागे उभा राहून रोज बघितलं. आमच्यासारख्यांना त्याबद्दल कोणी कधी विचारलं नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

मागणी एकच आहे. पुढची साथ आली तर सर्वांत आधी काय बंद होणार, सर्वांत शेवटी काय, आणि बंद झालेलं कशावरून उघडणार, याचा क्रम आत्ता, सगळं सुरळीत असताना ठरवा आणि ग्रामसभांत वाचून दाखवा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने मुख्यमंत्री तुमचे अध्यक्ष आहेत, मुख्य सचिवांची कार्यकारी समिती तुमच्या हाताशी आहे. अधिकार कमी आहेत असं कोणी म्हणू शकणार नाही. कमी पडतो तो वेळ. साथ दारात आली की विचार करायला कोणाला सवड नसते, आणि त्या घाईत जे होतं ते आम्ही मार्च २०२० मध्ये भोगलं.

२२ मार्चला देशभर जनता कर्फ्यू झाला. त्याच दिवशी आपल्याकडे जिल्हा पंचायतीचं मतदान व्हायचं होतं, ते ऐनवेळी पुढे गेलं. कर्फ्यू वाढला आणि २४ तारखेच्या रात्री सगळा देश बंद झाला. केंद्राच्या आदेशात किराणा, दूध, भाजी यांना मोकळीक होती. गोव्यात पहिले काही दिवस तीही नव्हती, किराणा दुकानांची शटरंसुद्धा खाली. आणि राज्यातले पहिले तीन रुग्ण जाहीर झाले ते २५ मार्चला.

त्या दिवसांत काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण कुठल्याही अहवालात ते सापडणार नाही. बंदची कुणकुण लागली तशी गाडी असलेली माणसं आली. तांदळाची अख्खी पोती, तेलाचे डबे, दोन-दोन महिन्यांची डाळ घेऊन गेली. त्यांना मी दोष देत नाही, ज्याला जमतं तो भरून ठेवणारच. पण माझी निम्मी गिऱ्हाइकं रोजची. दहा रुपयांचं तेल, पाव किलो साखर, एक कांदाबटाट्याची पिशवी. दिवसाची मजुरी हातात पडली की संध्याकाळी येऊन त्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं सामान नेणारी माणसं ही. त्यांच्या घरात साठा म्हणून काही नसतोच. दुकान बंद झालं त्या रात्री त्यांच्या डब्यात जेवढं होतं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी काळोख असतानाच बांधकामावर काम करणारी एक बाई मागच्या दाराशी आली. कडेवर मूल, हातात घडी केलेली कापडी पिशवी. तांदूळ मागितले आणि पैसे काम सुरू झाल्यावर देते म्हणाली. मी दिले. तिच्यामागून आणखी माणसं आली, त्यांनाही दिले. एका शिपायाने हे पाहून मला हटकलं, काठी शटरवर आपटली आणि पुन्हा दिसलास तर आत टाकीन म्हणाला. त्याला वरून जे सांगितलं होतं ते तो करत होता. मला मात्र आजही वाटतं की तांदूळ देणं हा त्या दिवसांत गुन्हा ठरायला नको होता.

सरकारने तेव्हा घरपोच सामानाची व्यवस्था जाहीर केली. पंचांकडे याद्या द्या, फोन करा, स्वयंसेवक आणून देतील. हेतू चांगला होता. पण याद्या ज्यांच्याकडे जायच्या त्यांनाच माल कुठून उचलायचा ते ठाऊक नव्हतं. माझ्याकडे माल होता आणि मला उघडायची परवानगी नव्हती. भाजी तर बेळगावहून चोर्ला घाट उतरून येते, तिच्या गाड्या अडल्या. काही दिवसांनी दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा आली आणि दोन-तीन दिवसांत गर्दी आपोआप ओसरली. जिन्नस उद्याही मिळणार याची खात्री झाली की माणूस रांग लावत नाही. हे शास्त्र मात्र आम्हा दुकानदारांना पाठ असतं.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले, राज्य हिरव्या पट्ट्यात गेलं. जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलवर साथ पसरली, तो भाग प्रतिबंधित झाला, आणि बघता बघता सगळ्या वास्कोत रुग्ण निघू लागले. २२ जूनला राज्यातला पहिला मृत्यू झाला. वास्कोची माणसं, तिथले लोकप्रतिनिधी शहर काही दिवस पूर्ण बंद करा म्हणून मागे लागले. तेव्हा सरकार तयार झालं नाही. म्हणजे तीन रुग्ण होते तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या शेवटच्या वाड्यावरचंही दुकान बंद, आणि एका शहरात साथ डोळ्यांदेखत वाढत होती तेव्हा ते शहर उघडं. दोन्ही वेळी निर्णयामागे काही विचार असेलही. तो आम्हाला कोणी सांगितला नाही. आज बंद का आणि उद्या उघडं का हे कळलं नाही की माणूस आपापला अर्थ लावतो, आणि मग गावात भांडणं सुरू होतात.

आमच्याकडे ती माझ्या काउंटरवरच झाली. गावचे एक निवृत्त मास्तर आहेत. घरात दम्याची बायको, नव्वदीतली आई. त्यांचं म्हणणं, सगळं बंद पाहिजे आणि महिनोन्महिने बंद पाहिजे. दुसरा मोटरसायकल पायलट. बसस्टँडवर उभं राहून भाडं मारणारा, दोन मुलं, गाडीचा हप्ता. मास्तर म्हणाले, "शिर सलामत तर पगडी पचास." पायलट म्हणाला, "मास्तर, तुमचं पेन्शन एक तारखेला बँकेत येतं. माझं गिऱ्हाईक बसमधून उतरलं तरच घरात चूल पेटते." मास्तर गप्प बसले नाहीत. "चूल पेटवायला माणूस तर उरला पाहिजे," म्हणाले. पुढे कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच वाड्यावरचे, चवथीला एकमेकांच्या घरी घुमट वाजवत आरत्या म्हणणारे.

मास्तर भित्रे नाहीत आणि पायलट बेफिकीर नाही. आपापल्या घराकडे बघून दोघंही खरं तेच बोलत होते. साथीत किती थांबायचं हा प्रश्न दोघांच्या भांडणातून सुटणारा नव्हताच, तो तुम्ही सोडवायचा होता. कोणाचं नुकसान कोण भरून देणार हे न सांगता बंद जाहीर केला की त्याचा सगळा भार पायलटच्या घरावर पडतो. आणि दवाखान्यात किती खाटा मोकळ्या आहेत हे न बघता उघडं ठेवलं की भार मास्तरांच्या आईवर. आपल्याकडे वर्षभराच्या अंतराने दोन्ही घडलं.

२०२१ च्या एप्रिलबद्दल मला मोजकंच लिहायचं आहे, कारण त्यात ज्यांची माणसं गेली ती हे वाचतील. २३ एप्रिलला पाच पालिकांचं मतदान झालं. त्या वेळी रोजचे रुग्ण झपाट्याने वाढत होते, पर्यटक किनाऱ्यावर होते. २९ तारखेच्या संध्याकाळपासून चार रात्री टाळेबंदी झाली, मग पुन्हा ढील. कळंगुटसारख्या पंचायतींनी कंटाळून आपणहून गाव बंद केला. राज्याची संचारबंदी ९ मेपासून लागली. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत, २६ रुग्ण दगावले, हे आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. त्यानंतरच्या रात्रीही तशाच गेल्या आणि चार-पाच दिवसांत आकडा सत्तरच्या वर गेला. सिलिंडरच्या ट्रॉल्या बदलताना ऑक्सिजनचा दाब कमी पडत होता, हे उच्च न्यायालयापुढे आलं. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसली ती त्यानंतर.

ज्या वेळी मास्तरांचं ऐकायला हवं होतं त्या वेळी ते ऐकलं गेलं नाही. एप्रिलच्या मध्यावर दोन आठवडे गर्दीची ठिकाणं थांबवली असती तर बांबोळीवरचा ताण थोडा तरी हलका झाला असता असं मला मनापासून वाटतं. लोकांनी ते मानलंही असतं. पण आधीच्या वर्षी दूधतांदळापायी त्यांचा धीर खर्ची पडला होता. लोकांचा धीर म्हणजे मे महिन्यातली विहीर. सकाळीच सगळं पाणी उपसून टाकलं तर संध्याकाळी कळशी रिकामीच वर येते.

आता क्रमाबद्दल. गेल्या खेपेला तो काय होता ते तारखांवरून दिसतं. कॅसिनो १ नोव्हेंबर २०२० ला उघडले. दहावी-बारावीचे वर्ग त्यानंतर, २१ नोव्हेंबरला. आणि लहान मुलांच्या शाळा? त्या मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये भरल्या. १४ फेब्रुवारीला विधानसभेचं मतदान झालं ते किती तरी गावांत याच सरकारी प्राथमिक शाळांच्या खोल्यांत. गावातली सगळी मोठी माणसं त्या खोल्यांत जाऊन आली. मुलं आत गेली ती आठवड्याने, २१ तारखेला.

पहिलीत जायचं मूल तिसरीच्या उंबरठ्यावर आलं तेव्हा त्याने शाळेचा बाक पहिल्यांदा बघितला. सत्तरी-सांग्यातली मुलं रेंज मिळवायला डोंगरावर चढून बसत होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत फोटोसकट आलं होतं. माझ्या दुकानात हिशेब लिहायला येणाऱ्या मुलाची धाकटी बहीण वडिलांच्या मोबाइलवर शिकत होती. वडील कामावर गेले की मोबाइल गेला, मोबाइल गेला की शाळा गेली. आज ती पाचवी-सहावीत आहे आणि मोठ्याने वाचायला सांगितलं की मान खाली घालते. मी तिला चिप्सच्या पाकिटावरची किंमत वाचायला लावतो, दुकानातल्या डब्यांवरची नावं वाचायला लावतो. हळूहळू जमतं आहे. तिच्यासारखी किती मुलं आहेत याची गावनिहाय मोजणी शिक्षण खात्याने करावी, अशी माझी या पत्रातली दुसरी विनंती समजा.

शाळा चालवणं अशक्य होतं असं म्हणावं, तर याच सरकारने २१ मे २०२० पासून दहावीची परीक्षा घेऊन दाखवली होती. देश टाळेबंदीत, पालक घाबरलेले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलेलं. तरी एका वर्गात मोजकी मुलं बसवून, तोंडाला मास्क लावून, परीक्षा नीट पार पडली. त्या वेळी शिक्षकांनी घेतलेली मेहनत मी बघितली आहे आणि त्यांना मी मनापासून मानतो. म्हणजे ठरवलं की जमत होतं. लहान मुलांसाठी कोणी ठरवलं नाही.

सीमेचंही तसंच. महाराष्ट्रातलं दोडामार्ग आमच्यापासून किती लांब आहे? डिचोलीच्या कारखान्यांत तिथली मुलं कामाला, बांबोळीच्या इस्पितळात तिथले रुग्ण, आणि सोयरिकी तर दोन्हीकडे. २०२० च्या जूनमध्ये नाक्यावर दोन हजार रुपये भरून चाचणी करा, नाहीतर प्रमाणपत्र आणा, नाहीतर चौदा दिवस घरात बसा असा नियम होता. दिल्लीहून विमानाने येणाऱ्याला तो परवडतो. आठवड्याच्या पगारावर काम करणाऱ्याला दोन हजार म्हणजे घरातला महिन्याचा किराणा, हे मी त्याच्या उधारीच्या वहीवरून सांगू शकतो. सीमेपलीकडच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या गावांना वेगळा नियम हवा. तो सिंधुदुर्गाच्या प्रशासनाबरोबर बसून आत्ताच लिहून ठेवता येईल.

लोक ऐकत नाहीत, अशी तक्रार तुमच्याकडून तेव्हा वारंवार ऐकली. माझा अनुभव निराळा आहे. शिरगावच्या श्री लईराईची जत्रा २०२० मध्ये झाली नाही. ज्यांना बाहेरून याचं गांभीर्य कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो, हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, दिवसेंदिवस व्रत पाळतात, तळीवर आंघोळ करतात आणि मध्यरात्रीनंतर होमकुंडातून चालत जातात. आमच्या गावची महामाया ही लईराईची बहीण. पिढ्यानपिढ्या न चुकलेली गोष्ट चुकली आणि तरी कोणी दगड उचलला नाही, कोणी पोलिसांशी हुज्जत घातली नाही. देवस्थानाने सांगितलं, कारण सांगितलं, धोंडांनी आपापल्या घरी व्रत पाळलं. माणूस आपल्या माणसाचं ऐकतो. आदेश पणजीहून येऊ दे, पण तो समजावून सांगणारा गावातला हवा: देवस्थानचे महाजन, चर्चचे पाद्री, आरोग्य केंद्रातली नर्सबाई. पुढच्या वर्षी लसीकरणाच्या वेळी शिबिरं पंचायतीच्या दारात आली तेव्हा माणसं आपणहून आलीच की.

आणखी एक उदाहरण आपल्याच राज्यातलं. २०१५ पासून सत्तरीत माकडताप आला. पाली गावात माणसं गेली. तो रोग गोचिडीमुळे होतो, माणसापासून माणसाला होत नाही, हा फरक मला कळतो. पण आरोग्य खात्याने तेव्हा काजूचा हंगाम बंद केला नाही, कारण काजू गेला तर घरं उपाशी. अंगाला लावायचं तेल दिलं, लसी दिल्या, मेलेलं माकड दिसलं तर कळवा म्हणून सांगितलं. धोका कुठून येतो ते शोधून तेवढंच अडवलं. त्या कामात असलेली माणसं अजून खात्यात असतील. क्रम ठरवताना त्यांना बोलवा.

मला तो क्रम कसा दिसतो ते सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. साथ वाढायला लागली की पहिल्या आठवड्यात कॅसिनो, क्लब, मोठे महोत्सव, प्रचारसभा थांबाव्यात. ज्या परवान्यांतून सरकारला मोठा महसूल मिळतो तेच पहिले बंद होतील, असं कागदावर लिहिलेलं असलं की लोकांचा विश्वास बसेल. त्यानंतर लग्नाचे हॉल आणि आठवडी बाजारांतली गर्दी. बाजार बंद करण्यापेक्षा डिचोलीचा बुधवारचा बाजार तीन मैदानांवर पसरवता येतो. किराणा, दूध, पाववाला पोदेर, औषधाचं दुकान कधीच बंद होऊ नये. प्राथमिक शाळा अगदी शेवटी, आणि उघडताना सर्वांत आधी. इस्पितळातल्या मोकळ्या खाटा आणि ऑक्सिजनचा साठा रोज सकाळी पंचायतीच्या फलकावर लागावा, आणि बंद-उघडाचा निर्णय त्या आकड्यांना बांधलेला असावा. निवडणुकीची तारीख त्या आकड्यांच्या आड येत असेल तर तारीख पुढे जावी. २०२० मध्ये ती गेली होतीच, जिल्हा पंचायतीचं मतदान शेवटी १२ डिसेंबरला झालं आणि कोणाचं काही अडलं नाही.

आणि ज्याची रोजी बंदमुळे जाते त्याला पहिल्याच आठवड्यात पैसे मिळाले पाहिजेत. पायलट, गाडेवाले, टॅक्सीवाले यांची नोंद परवान्याच्या रूपाने सरकारकडे आहे. नोंद नाही ती बांधकामावरच्या बाईची. तिची करायची असेल तर ती साथ आल्यावर होणार नाही. त्यासाठी आमच्यासारख्या दुकानदारांची मदत घ्या. कोणाच्या घरात आज चूल पेटली नाही हे आम्हाला मामलेदार कचेरीच्या आधी कळतं.

ही यादी तज्ज्ञांनी उलटसुलट करावी, त्यात भर घालावी. मास्तर आणि पायलट या दोघांनाही मी हे पत्र वाचून दाखवलं. मास्तरांना शाळेचा मुद्दा पटला, बाजाराचा नाही. पायलटला पैशांचा पटला, पण सरकार वेळेवर देईल यावर त्याचा विश्वास नाही. दोघांच्याही हरकती मी लिहून ठेवल्या आहेत आणि मसुदा निघाला तर त्या पाठवीन. मसुदा मराठीत आणि कोकणीत काढावा, हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावेत, आणि आमच्या ग्रामसभेला तुमचा एक जबाबदार अधिकारी पाठवावा. तारीख कळवलीत तर त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी हजर राहीन.

आपला,
डिचोली बाजारातला एक किराणा दुकानदार